इलेक्ट्रिक गाडीलाही तेल लागते

हिरव्या नंबर प्लेटच्या गाड्या आता आपल्या वस्त्यांतही दिसू लागल्या आहेत. मुंब्रा, मीरा रोड, भिवंडी, पुण्यातला कोंढवा, मालेगाव, सोलापूर, कुठेही सकाळी रस्त्यावर उभे राहा, एखादी तरी आवाज न करता शेजारून निघून जाईल. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतील तर ती घरची गाडी, पिवळी असतील तर धंद्याची. घेणारा कौतुकाने सांगतो, "पेट्रोल नाही, ऑइल नाही, क्लच नाही. चार्ज करायची आणि चालवायची." यातले पेट्रोलचे आणि क्लचचे खरे आहे. ऑइलचे मात्र अर्धेच खरे आहे.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नसते, म्हणून इंजिन ऑइल नसते. त्याबरोबर ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट हेही गेले. पण मोटर आणि चाके यांच्यामध्ये दातेरी चाकांची एक बंद पेटी असते. कोणी तिला गिअरबॉक्स म्हणते, कोणी रिडक्शन गिअर. बहुतेक गाड्यांच्या या पेटीत लिटर-दीड लिटर तेल असते. ते कधी बदलायचे, बदलायचे की नाही, बदलले तर कोणते घालायचे, हे मालकाला सहसा कोणी सांगत नाही. शोरूममध्ये बॅटरीवर तासभर बोलतात, या तेलाचा विषयच निघत नाही.

घरगुती मासिकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या मते दोन कारणे पुरेशी आहेत. गाडी ही आपल्याकडे राहत्या घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी असते, आणि पुष्कळदा ती सेकंडहँड असते, दागिने मोडून किंवा भावाकडून उसने घेऊन केलेली. शिवाय आपल्या समाजातली कितीतरी घरे गॅरेजवर चालतात. ऑइल बदलणे ही त्या घरांची रोजची भाकरी आहे. नव्या गाडीत उरलेले हे वंगण त्या दोन्ही घरांच्या कामाचे आहे.

गिअर नाही, मग गिअरबॉक्स कसला?

"गाडी चालवताना गिअर टाकावाच लागत नाही, मग गिअरबॉक्स कुठून आला?" एका वाचक भगिनीने आम्हाला विचारले होते. प्रश्न रास्त आहे.

मोटरला वेगात फिरायला आवडते, गाडीच्या चाकाला तेवढा वेग नको असतो. मध्यम आकाराच्या गाडीचे चाक एका फेरीत साधारण दोन मीटर अंतर कापते. म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाला ते मिनिटाला सुमारे ८०० वेळा फिरते. त्याच क्षणी मोटर मात्र साडेसहा-सात हजार फेऱ्यांवर असते, आणि कित्येक गाड्यांच्या मोटरी त्याच्या दुप्पट वेगापर्यंत जाऊ शकतात. हा वेग आठ-नऊ पटींनी कमी करायचा आणि त्याच प्रमाणात जोर वाढवून चाकाला द्यायचा, एवढेच या पेटीचे काम. घरातले पायाचे शिलाई मशीन आठवा. खालचे मोठे चाक एकदा फिरले की वरचे लहान चाक कितीतरी वेळा फिरते. इथे उलट आहे, लहान चाक पुष्कळ फिरते तेव्हा मोठे चाक थोडे फिरते. सर्वसाधारणपणे हे दोन टप्प्यांत होते, आणि शेवटच्या मोठ्या दातेरी चाकाला डिफरन्शियल जोडलेला असतो. बदलायला दुसरा गिअर नसतोच. मागे जायचे तर मोटरच उलटी फिरते.

पेटीतले तेल दातांमध्ये पातळ पडदा धरते, बेअरिंग भिजते ठेवते, उष्णता बाहेरच्या कवचापर्यंत नेते आणि झिजेतून सुटलेली पूड तळाशी घेऊन जाते. काही गाड्यांत हेच तेल मोटर थंड करायलाही वापरतात. टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये तर त्यासाठी वेगळा विजेचा पंप आणि तेलाचा फिल्टरही आहे. आपल्याकडे चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत मात्र पंप नाही, फिल्टर नाही. खालचे दातेरी चाक तेलात बुडलेले असते, ते फिरताना तेल उडवते आणि बाकीचे भाग त्यावर भिजतात.

कंपन्यांची बाजूही सांगायला हवी. पेट्रोल-डिझेलच्या गाडीतले तेल काळे पडते ते मुख्यतः इंधन जळून झालेल्या काजळीने. इथे जाळ नाही, काजळी नाही. क्लच प्लेटा नाहीत, म्हणून त्यांचा भुगा नाही. त्यामुळे हे तेल पुष्कळ टिकते हे खोटे नाही. दर दहा हजार किलोमीटरला ते बदलण्याची घाई कोणी करू नये, आणि तसे सांगून पैसे काढणाऱ्याच्या नादी लागू नये.

पण पुष्कळ टिकणे वेगळे आणि कधीच खराब न होणे वेगळे. नव्या दातेरी चाकांची जोडी पहिल्या काही हजार किलोमीटरांत एकमेकांवर घासून नीट बसते. त्यातून धातूची बारीक पूड सुटते आणि फिल्टर नसेल तर ती तिथेच फिरत राहते. मोटरचा जोर पॅडल दाबताक्षणी पूर्णपणे येतो, इंजिनासारखा हळूहळू चढत नाही. पाय काढला की तीच मोटर जनरेटर होऊन गाडी रोखते आणि बॅटरी भरते, म्हणजे दातांच्या दुसऱ्या बाजूवर दाब येतो. खंडाळ्याचा घाट उतरताना हा उलटा दाब सलग काही मिनिटे चालू असतो. आणखी एक गोष्ट पेट्रोलच्या गाडीत नव्हतीच. मोटरला वीज पुरवणारी यंत्रणा ज्या झपाट्याने वीज चालू-बंद करते, त्यातून थोडी वीज बेअरिंगमधून निसटू शकते आणि त्याच्या गुळगुळीत पृष्ठावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ते टाळण्यासाठी कंपन्या खास व्यवस्था करतात, पण झीज होऊ लागली की तिचा रंग आधी तेलात उतरतो.

पुस्तिकेतले ‘खडतर’ म्हणजे आपले नेहमीचे

ह्युंदाईची कोना इलेक्ट्रिक भारतात जुलै २०१९ मध्ये आली. तिच्या मोटरचा जोर ३९५ न्यूटन-मीटर, आणि गिअरबॉक्समध्ये तेल जेमतेम एक लिटर. परदेशात काही चौकस मालकांनी थोड्याच हजार किलोमीटरांवर ते तेल स्वतः काढून पाहिले. नवे असताना स्वच्छ दिसणारे तेल राखाडी-काळे होऊन बाहेर आले. त्यातल्या अनेकांनी मग चुंबक लावलेला बोल्ट बसवून घेतला, म्हणजे पूड त्याला चिकटून राहील. यावरून ती गाडी वाईट ठरत नाही. ती पूड पहिल्या घासणीची असते. पण पहिली घासणी झाल्यावर ते तेल एकदा बदललेले बरे, हा त्या मालकांनी काढलेला निष्कर्ष आम्हाला पटतो. पूर्वी नवी मोटरसायकल घेतली की पहिल्या सर्व्हिसला तेल लवकर बदलायचे, ते याच कारणाने.

या गाडीच्या परदेशी पुस्तिकेत साधारण वापरासाठी दर ६०,००० किलोमीटरला तेलाची तपासणी आणि ‘खडतर’ वापरासाठी १,२०,००० किलोमीटरला बदल सांगितला आहे. आता खडतर म्हणजे काय, तेही तिथेच लिहिलेले असते. वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या. धुळीचे, खडबडीत, चिखलाचे रस्ते. डोंगराळ भाग. ३२ अंशांच्या वर तापमान आणि त्यात गर्दीची वाहतूक. टॅक्सी किंवा धंद्यासाठी वापर. आम्ही ही यादी भिवंडीतल्या एका चालकभाईंना वाचून दाखवली. ते हसले आणि म्हणाले, "ये तो अपना कल्याण नाका है."

युरोपातल्या माणसाला अपवाद वाटणारी परिस्थिती ही आपली रोजची आहे. म्हणून पुस्तिका वाचताना साधारण वापराचा रकाना सोडून खडतर वापराचा रकाना पाहावा. प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत आकडे वेगळे असतात, तेव्हा कोनाचे आकडे दुसऱ्या गाडीला लावू नयेत. गाडी घरी आली की आपण पुस्तिका प्लास्टिकसकट कप्प्यात टाकतो. ती बाहेर काढा, घरात कॉलेजला जाणारी मुले असतील त्यांना वाचायला बसवा, आणि देखभालीच्या तक्त्यात गिअरबॉक्सच्या किंवा रिडक्शन गिअरच्या तेलाची ओळ शोधा.

काही गाड्यांच्या तक्त्यात ही ओळच नसते, किंवा तेल ‘लाइफटाइम’ आहे असे सांगितले जाते. हा शब्द नवा नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दलही अनेक गाडी कंपन्या वर्षानुवर्षे असेच सांगत आल्या. मात्र असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदलण्याचा सल्ला देते. बनवणारा एक सांगतो आणि विकणारा दुसरे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लच असतात, त्यामुळे त्याचे आकडे इलेक्ट्रिक गाडीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण ‘लाइफटाइम’ म्हणजे कोणाचे आयुष्य, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. टाटाची पहिली नेक्सॉन इलेक्ट्रिक जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा बॅटरी आणि मोटरवर आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी होती. कंपनीच्या हिशेबात आयुष्य तेवढे असेल. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणीच १५ वर्षांची असते, आणि ती पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते. आपली घरे बहुतेकदा दुसरी किंवा तिसरी असतात.

कोकणातल्या आणि नदीकाठच्या वाचकांसाठी पाण्याबद्दलही सांगतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या ते सर्वांनी पाहिले. पण एवढे पाणी लागतही नाही. गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर होण्यासाठी लहानसे तोंड असते. तापलेली पेटी गार पाण्यात शिरली की आतली हवा आकसते आणि त्या तोंडातून किंवा थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाऊ शकते. असे तेल दुधाळ, चहासारखे दिसते. गाडी बराच वेळ गुडघाभर पाण्यात उभी राहिली असेल किंवा त्यातून काढावी लागली असेल, तर किलोमीटर किती झाले ते न बघता तेल तपासून घ्यावे.

मुंब्र्याचे दोन भाऊ

मुंब्र्यातल्या एका कुटुंबाने एका टॅक्सी कंपनीकडून चार वर्षे वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. १,३०,००० किलोमीटर झालेले. थोरला भाऊ दिवसा विमानतळाच्या फेऱ्या करतो, धाकटा रात्री. दोन-तीन महिन्यांत ताशी चाळीस ते साठच्या दरम्यान खालून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. इलेक्ट्रिक गाडी शांत असते, त्यामुळे असा आवाज लवकर कानावर येतो, एवढा एक फायदा. ते सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे सांगण्यात आले की हे युनिट सीलबंद आहे, त्याला हात लावायचा नसतो. आवाज वाढला तर पूर्ण पेटी बदलू. खर्च लाखाच्या वर. घरी हे ऐकून त्यांच्या अम्मी म्हणाल्या, "अजून हप्ते फिटले नाहीत, आणि लाखाची पेटी कुठून आणायची?"

थोरल्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून गाडी कुर्ल्याच्या एका गॅरेजात नेली. तिथले उस्ताद गेली कित्येक वर्षे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची कामे करतात. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पाना हातात घेतलाच नाही. "आधी पुस्तिका आणा," म्हणाले. कोणते तेल, किती तेल, बोल्ट किती जोराने आवळायचा, हे कळल्याशिवाय त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली नाही. तेल मागवायला चार दिवस गेले. धाकटा कुरकुरला, कारण चार दिवसांची कमाई बुडत होती. उस्तादांनी त्याला सांगितले, "बेटा, गाडी चालव, कुणी अडवलंय? सावकाश चालव. पण दुसरं तेल मी घालणार नाही."

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून गोष्ट थांबवून सांगतो. आपल्या गॅरेजांत गिअरबॉक्स म्हटले की ‘नव्वद नंबर’चा डबा निघतो. ते घट्ट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. जोराच्या दाबाखाली दात वाचावेत म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची रसायने घातलेली असतात. ट्रकच्या डिफरन्शियलला ते ठीक. इलेक्ट्रिक गाडीचे तेल पाण्यासारखे पातळ असते, कारण दातेरी चाके अतिशय वेगात फिरतात आणि घट्ट तेल घुसळण्यात बॅटरीची वीज वाया जाते, पेटीही तापते. शिवाय जिथे तेल मोटरच्या तारांना लागते तिथे तशी रसायने तांब्याला खातात. निसान लीफ ही डिसेंबर २०१० मध्ये बाजारात आलेली इलेक्ट्रिक गाडी. तिच्या पेटीत निसानच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचेच पातळ तेल असते. कोनाला वेगळे, टेस्लाला आणखी वेगळे. पुस्तिकेत जे नाव आणि जो दर्जा लिहिला आहे तेच तेल, त्याला ‘तसलेच दुसरे’ चालत नाही. योग्य तेल मिळत नसेल तर जुने तेल आहे तसे राहू द्यावे, ते चुकीच्या नव्या तेलापेक्षा बरे.

पाचव्या दिवशी काम झाले. गाडी थोडी चालवून आणली, म्हणजे तेल कोमट होऊन सहज वाहते. मग बंद करून चावी उस्तादांनी खिशात ठेवली आणि १२ व्होल्टच्या लहान बॅटरीची तार काढली. चारही बाजूंनी गाडी सारखी उचलली, कारण तिरक्या गाडीत तेलाची पातळी चुकते. जॅक लावायच्या जागा ठरलेल्या असतात. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली बहुतेक भागात बॅटरी पसरलेली असते, तिच्यावर जॅक किंवा घोडी टेकली तर एक लिटर तेलाच्या कामात बॅटरी जायची. खालचे संरक्षक कवच काढल्यावर पेटी दिसली. शागीर्दाने खालच्या बोल्टला पाना लावला तसा उस्तादांनी हात धरला. आधी वरचा, भरायचा बोल्ट उघडायचा. तो निघतो याची खात्री झाली की मगच खालचा. खालून तेल सोडून दिले आणि वरचा बोल्ट गंजून अडकला असे निघाले तर गाडी तिथेच उभी.

तेल निघाले ते काळे. बोल्टच्या चुंबकावर सुरम्यासारखी बारीक पूड लेपून बसली होती. उस्तादांनी ती दोन बोटांत चोळून पाहिली. सुरमा निघाला तर झीज आहे, पण साधी. बोटाला कण टोचले, चकाकणारे तुकडे दिसले तर दात किंवा बेअरिंग तुटते आहे, मग पेटी उघडावीच लागते. इथे सुरमाच होता. खरा रोग पुढे सापडला. निघालेले तेल मापून पाहिले तर पुस्तिकेतल्या मापापेक्षा पाव लिटरहून जास्त कमी भरले. डाव्या अ‍ॅक्सलच्या सीलमधून ते महिनोन् महिने थेंब थेंब गळत होते आणि कवचावरच्या धुळीत मुरत होते. जमिनीवर डाग पडत नव्हता, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. टॅक्सी कंपनीतल्या चार वर्षांत कोणी कवच काढून पाहिलेच नव्हते.

सील बदलले, बोल्टांचे वायसर नवे घातले, भरायच्या तोंडातून तेल ओघळू लागेपर्यंत पंपाने भरले आणि टॉर्क पान्याने बोल्ट आवळले. अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत बोल्ट अंदाजाने आवळला की आटे जातात. (काही गाड्यांत पातळी पाहायचे तोंड नसते, तिथे मापूनच भरावे लागते.) तेलाचा आणि मजुरीचा खर्च एका नव्या टायरच्या किमतीपेक्षा कमी झाला.

आवाज पूर्ण गेला नाही. कमी झाला. तेल कमी असताना एखादे बेअरिंग झिजले असणार, आणि झिजलेले बेअरिंग तेलाने भरून येत नाही. उस्तादांनी ते स्पष्ट सांगितले आणि पाच हजार किलोमीटरनंतर पुन्हा बोल्ट काढून चुंबक पाहायला बोलावले. पुढच्या वेळी सुरमा जेमतेम नखावर मावेल एवढाच निघाला. ही गोष्ट आठ महिन्यांपूर्वीची. गाडी विमानतळाच्या रांगेत अजून उभी असते.

नारिंगी तारेला हात नको

आपल्या वाचकांत हौसेने घरच्या घरी ऑइल बदलणारे बरेच आहेत. मोटरसायकलला ते ठीक आहे. इलेक्ट्रिक गाडीत मात्र हा गिअरबॉक्स मोटरला चिकटून असतो आणि शेजारून नारिंगी रंगाच्या जाड तारा गेलेल्या असतात. त्यांत तीनशे-चारशे व्होल्टची वीज असते आणि ती घरातल्या विजेपेक्षा घातक आहे. गाडी बंद केली तरी यंत्रणेत काही मिनिटे वीज साठून राहू शकते. नुसते तेल बदलायला त्या तारांना हात लावावा लागत नाही, जोडणी उघडावी लागत नाही. पण कुठे हात लावायचा नाही हे ज्याला माहीत आहे त्यानेच गाडीखाली जावे. नारिंगी तार सोललेली दिसली, गाडीला अपघात झालेला असला किंवा ती पाण्यात बुडालेली असली, तर तेलाचा विचार बाजूला ठेवून प्रशिक्षित माणसाकडे न्यावी. गाडी वॉरंटीत असेल तर तेलाचे काम अधिकृत ठिकाणीच करून घ्या. ‘गरज नाही’ असे उत्तर मिळाले तर ते जॉब कार्डावर लिहून मागा. आमचा अनुभव असा की लिहून मागितले की पुष्कळदा तपासणी होते.

आता गॅरेजच्या घरांविषयी. पेट्रोलची लहान गाडी लाखभर किलोमीटर चालली की दहा वेळा ऑइल बदलते, म्हणजे तीस-पस्तीस लिटर तेल आणि दहा फिल्टर. इलेक्ट्रिक गाडी तेवढ्याच अंतरात फार तर लिटर-दोन लिटर घेईल. नव्या तेलाने जुन्या तेलाची भरपाई होईल असे आम्ही म्हणणार नाही. एका गॅरेजवाल्या चाचांनी आम्हाला विचारले, "मग मुलाला या लाइनमध्ये आणू की नको?" आम्ही त्यांच्यासोबत बसून गाडीत काय उरते ते मोजले. सस्पेन्शन आणि बुश उरतात, आणि बॅटरीच्या वजनाने ते जास्त झिजतात. टायर उरतात. एसी, कूलंट, ब्रेक ऑइल उरते. ब्रेक पॅड कमी झिजतात हे खरे, पण कोकणच्या दमट हवेत न वापरलेले ब्रेक गंजून अडकतात, तेही काम आहे. आणि अ‍ॅक्सलची सीले, बेअरिंग, हे तेल. हेच इलेक्ट्रिक रिक्षांनाही लागू आहे. त्यांच्याही मागच्या पेटीत तेल असते आणि ते गळून संपेपर्यंत कोणी पाहत नाही.

चाचांचा मुलगा दहावी झाला आहे. आयटीआयमध्ये आता ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा वेगळा ट्रेड आहे, आणि मोटार उद्योगाच्या कौशल्य परिषदेचेही इलेक्ट्रिक गाडीच्या दुरुस्तीचे अभ्यासक्रम आहेत. जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन चौकशी करावी असे आम्ही सुचवले. उच्च दाबाच्या विजेचे शिक्षण उस्तादाच्या हाताखाली बघून बघून घेता येत नाही, तिथे पहिली चूक शेवटची ठरू शकते. सुरमा बोटांत चोळून ओळखायला मात्र उस्तादच लागतो. चाचा म्हणाले, दोन्ही करील, सकाळी तिकडे आणि संध्याकाळी इथे.

काढलेले तेल गटारात किंवा मागच्या मोकळ्या जागेत ओतू नका. वापरलेले तेल कायद्याने धोकादायक कचरा आहे. गॅरेजवाले ते पिंपात साठवून नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याला देतात, आपले लिटरभर त्यांच्या पिंपात जाऊ द्या.

कुर्ल्याचे उस्ताद काम झाल्यावर बोनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवतात. तारीख, किलोमीटर, तेलाचे नाव, किती निघाले आणि किती भरले. सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी पाहायला जाल तेव्हा बॅटरीची तब्येत विचारालच. बोनेट उघडून अशी एखादी नोंद किंवा बिल आहे का तेही पाहा. नसेल तर गाडी रॅम्पवर चढवायला सांगा, कवच काढायला लावा आणि दोन्ही अ‍ॅक्सलच्या सीलखाली बोट फिरवून बघा, ओल लागते का.